फुईनं भिंत पाडली

तापीपासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत जेवढा म्हणून राग आहे, त्यातला निम्मा माझ्या फुईकडं आहे आणि उरलेला निम्मा फुईवर चिडलेल्या लोकांकडं आहे. फुई म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. बाकीच्या महाराष्ट्रात तिला आत्या म्हणतात. आत्या हा शब्द मऊ आहे, हातावर गूळ-शेंगदाणे ठेवणारा. आमची फुई आधी कान धरते, मग विचारते की कुणाचा रे तू. सारंगखेड्याच्या अलीकडं नदीकाठच्या एका गावात तिचं घर, घरामागंच खळं, आणि त्यापलीकडं केळी, ऊस, थोडा कापूस. फुवा, म्हणजे तिचे यजमान, तरुणपणीच गेले. मूलबाळ नव्हतं. जमीन दिराच्या हवाली करून माहेरी चल, असं सांगायला माझे आजोबा गेले होते. तिनं त्यांना पोटभर जेवू घातलं आणि दारापर्यंत पोचवताना सांगितलं, "बापा, जेवाले रोज ये. पन हाई सांगाले परत येऊ नको." तेव्हापासून ती एकटी शेती करते आणि एकटीच भांडते. मदतीची गरज तिला यातल्या कशातच पडलेली नाही.

ज्या गोष्टींवर रागावता येतं हेच आपल्याला ठाऊक नसतं, अशा गोष्टींवरही ती मनापासून रागावते. एस.टी. थांब्याच्या पुढं जाऊन थांबली की लोक पिशव्या सावरत पळतात. फुई पळत नाही. ती थांब्यावरच उभी राहते आणि तिथून ड्रायव्हरला विचारते, "इस्टाप आठे शे. मी आठे उभी शे. तू कोठे शे?" ड्रायव्हर गाडी मागं घेतो. नवीन ड्रायव्हर एकदाच चुकतो. लग्नात जेवायला बसल्यावर वरण पातळ वाटलं तर इतर बायका घरी जाऊन बोलतात. फुई तिथल्या तिथं आचाऱ्याला बोलावते, कारण तिचं म्हणणं असं की पुढची पंगत तरी सुधारेल. उगवायला उशीर करणाऱ्या मेथीला तिनं वाफ्यावर उभं राहून झापलेलं मी स्वतः ऐकलं आहे. मेथी नंतर उगवली, हेही सांगितलं पाहिजे.

एका साली मी तिला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे दाखवायला नेलं. एक पांढरा घोडा होता, पाठीवर जरीची झूल, पायांत घुंगरू. माणसं दाटीनं उभी राहून त्याच्या चालीचं कौतुक करत होती. फुई मात्र त्याच्या पाठीकडं बघत होती. सरळ पुढं गेली आणि तिनं झूल उचलली. खाली खोगिरानं सोललेली जखम होती आणि तिच्यावर माश्या बसल्या होत्या. मालक चांगला सहा फुटी, मिशीवाला. त्याच्या छातीइतकी उंची असलेली फुई त्याला म्हणाली, "याले जरीनी झूल आनि तुले सावली? काढ. आत्ते काढ." मग कडुलिंबाचा पाला उकळून आणेपर्यंत ती घोड्यासमोर मातीत बसून राहिली. जखम धुतली गेली, घोडा सावलीत बांधला गेला. शेवटी त्या मिशीवाल्यालाच तिनं तुपातली पोळी खायला घातली. तिच्या रागाचं हे असं असतं. तिच्याकडं पोटभर जेवलेल्या प्रत्येक माणसानं आधी पोटभर बोलणी खाल्लेली असतात.

या फुईच्या खळ्यात दित्या नावाचा सालदार सहकुटुंब राहायचा. सातपुड्यातला पावरा आदिवासी माणूस, धडगावच्या बाजूचा. अतिशय शांत. फुई दिवसभर बोलायची आणि दित्या दिवसभर मान हलवायचा, म्हणून दोघांचं वर्षानुवर्षं जमलं. त्याची मुलगी जमुना आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकली आणि मग आई-बापाजवळ खाली येऊन राहिली. फुईला तोंडावर उत्तर देण्याची हिंमत असलेली पंचक्रोशीतली ती एकमेव व्यक्ती. तिचं लग्न वरच्या एका गावात ठरलं होतं. होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजारात जाऊन बांगड्या घ्यायच्या, असं तिचं आणि त्या मुलाचं ठरलेलं होतं. ही बातमी खरं तर गुपित होती, पण फुईच्या घरात गुपित टिकत नाही.

पावसाळ्यानंतर जमुनाच्या गालावर मुगाच्या दाण्याएवढी पुळी आली. दुखत नव्हती, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. गरिबाचं दुखणं ओरडायला लागल्याशिवाय दुखणं समजतच नाहीत. ती पुळी फुटली, पसरली, मध्ये खड्डा पडला आणि कडा फुगून वर आल्या. दुकानातून गजकर्णाचं मलम आणून लावलं. मग गावातल्या एका शहाण्यानं बिब्बा लावायला सांगितला. तो लावल्यावर गाल असा उतला की जमुना दोन्ही हातांनी ओढणी धरूनच हिंडायला लागली. तरी तो व्रण दुखत नव्हता. त्यावरून दुसऱ्या एका शहाण्यानं निदान केलं की दुखत नाही म्हणजे हा मोठाच रोग, कुष्ठ. झालं. गावच्या नळावर बायका तिला म्हणायला लागल्या, तू मागून भर. भोंगऱ्याला ती गेली नाही. मुलाकडून निरोप आला की घाई नको, आधी बरं होऊ द्या.

फुईचा धाकटा दीर शेजारीच राहतो. पांढरा सदरा, गावात शब्दाला मान, आणि दुसऱ्याच्या घरात काय व्हावं याबद्दल ठाम मतं. तो फुईच्या ओट्यावर येऊन म्हणाला, "भाबी, त्या लोकसनी बिमारी शे ती. वर धाडी दे त्यासले." फुईनं चपला घातल्या आणि ती नळावर गेली. जमुना रांगेबाहेर हंडा घेऊन उभी होती. फुईनं तिच्या हातातला हंडा घेतला, सगळ्यांच्या आधी नळाखाली धरला, अर्धा भरल्यावर उचलून सरळ तोंडाला लावला आणि गटागटा प्याली. पदरानं तोंड पुसून म्हणाली, "ल्या. आते मन्हं तोंडबी लागनं. कोन माले मांगे उभं करस, दखू." त्या दिवसापासून जमुनानं पाणी केव्हाही भरलं.

त्याच संध्याकाळी मला नंदुरबारला फोन आला. फुई फोनवर नमस्कार-चमत्कार करत नाही. "सकाय सुटी काढ. गाडी लई ये." मी विचारलं, काय झालं? "आठे ईशी तवय समजी," म्हणाली आणि फोन ठेवला.

मोठ्या दवाखान्यात आम्ही चौघं गेलो. फुई, जमुना, दित्या आणि मी. रांगेत काय झालं ते सविस्तर सांगत नाही. एवढंच सांगतो की दुपारपर्यंत तिथल्या शिपायाला फुईच्या सासर-माहेरची सगळी माहिती झाली होती आणि बंद पडलेला पंखा फिरायला लागला होता. कातडीची डॉक्टरीण तरुण होती, थकलेली, पण ऐकून घेणारी. तिनं व्रणाच्या कडेचा नमुना घेतला आणि पुन्हा बोलावलं. दुसऱ्या खेपेला तिनं सांगितलं की हा मोठा रोग नव्हे, शिवल्यानं पसरणाराही नव्हे. वाळूमाशी नावाची एक माशी असते, डासापेक्षा बारीक, साध्या मच्छरदाणीच्या भोकातून सहज आत येणारी. गुणगुणत नाही, त्यामुळे चावली तरी कळत नाही. तिच्या चाव्यातून या रोगाचे जंतू शिरतात. उपाय आहे. वेळ लागेल.

मग तिनं जमुनाला विचारायला सुरुवात केली. झोपतेस कुठं? "जमिनीवर, गोधडी टाकून." भिंती कसल्या? "मातीच्या." भेगा आहेत? जमुनानं फुईकडं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "आहेत." गुरं? "भिंतीपलीकडं." शेण कुठं टाकतात? "त्याच भिंतीला लागून." कुत्री? "आमच्याजवळच झोपतात." बाहेरगावी कुठं गेली होतीस? पुळी यायच्या आधीच्या हिवाळ्यात आईबरोबर परमुलखात जिरं कापायला गेली होती, तिथंही शेतातल्या खोलीत झोपायची, असं ती म्हणाली. डॉक्टरीण लिहिता लिहिता म्हणाली, "कुठं चावली ते छातीठोक नाही सांगता यायचं. तिकडंही असेल, इथंही असेल. पण भेगांची भिंत, ओली माती, शेण, गुरं आणि जमिनीवर झोपलेलं माणूस एवढं एका जागी आलं की त्या माशीला आणखी काही लागत नाही."

परतताना फुई गाडीत एक शब्द बोलली नाही. मी तिला जन्मापासून ओळखतो, झोपेतसुद्धा ती कुणाला तरी दटावत असते. गाव आल्यावर म्हणाली, "खळामा ले."

खळ्यात ती दित्याच्या खोलीच्या मागच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली. भिंत वर्षानुवर्षांची, खालून ओल धरलेली. भेगा इतक्या की एका भेगेत फुईनं बोटं घातली आणि मनगटापर्यंत हात आत गेला. आतून भुसभुशीत दमट माती तिच्या हाताला लागून बाहेर आली. भिंतीला टेकून उकिरडा होता. तो आधी पलीकडं असायचा. तिकडून वास थेट आपल्या ओट्यावर येतो, म्हणून फुईनंच तो इकडं हलवायला लावला होता. भिंत लिंपून घेऊ का, असं दित्यानं तिला विचारलंही होतं. केळीची घाई होती. पुढल्या साली बघू, असं ती म्हणाली होती. हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. दित्या खाली मान घालून उभा होता आणि त्यानं ते कधीच बोलून दाखवलं नसतं. फुईनंच सांगितलं, भिंतीकडं तोंड करून.

तेवढ्यात दीर आला. त्याला दवाखान्यातली अर्धी बातमी आधीच पोचली होती, सोयीची तेवढी अर्धी. "सांगं व्हतं ना मी? पोरनी बाहेरथून आनं. आपलं काय त्यामा?"

फुई वळली. मी तिचे शेकडो राग पाहिले आहेत, पण हा वेगळा होता. आवाज चढला नव्हता. "बाहेरथून आनं व्हई. मंग? बाहेरबी ती कोना तरी अशाच खळामा भुईवर जपनी व्हई ना? तठेबी तुन्हासारखा कोनी सदरा घालीसन हाईच सांगत व्हई." मग तिनं गोठ्याकडं हात केला. तिथं छताला पंखा फिरत होता. उन्हाळ्यात दूध कमी होतं म्हणून तिनंच तो बसवून घेतला होता. "मन्ही म्हैसले पंखा शे. म्हैसले! आनि ह्या पोरले काय दिनं मी? हाई फुटेल भीत." आणि मग तिनं एक शिवी दिली. ती दिराला होती असं दिराला वाटलं आणि तो निघून गेला. ती कुणाला होती हे मला माहीत आहे.

त्यानंतर फुईनं कोपऱ्यातली पहार उचलली आणि भिंतीवर घातली. तिचं वय बघता ती पहार तिलाच घेऊन पडेल असं मला वाटलं. पण पडली ती भिंत, एका कोपऱ्यातून, धपकन, आणि धुळीत फुई दिसेनाशी झाली. दित्या पहिल्यांदाच मोठ्यानं बोललेला मी तेव्हा ऐकला. "माय, छप्पर पडी! छप्पर!" आम्ही दोघांनी धावत जाऊन आढ्याला टेकू दिला. धुळीतून फुईचा आवाज आला की टेकू वाकडा लागला आहे. खोकत, शिंकत, आम्हाला नावं ठेवत तिनं अंधार पडायच्या आत भिंत भुईसपाट करून घेतली. तोवर गाव गोळा झालं होतं. हात लावायला कुणी पुढं आलं नाही, सल्ले मात्र पुष्कळ आले. त्या दिवसापासून दित्याचं कुटुंब फुईच्या माजघरात, पलंगांवर झोपायला लागलं. भावकीतल्या बायकांनी फुईच्या घरचं पाणी पिणं बंद केलं. "बरं व्हयनं," फुई म्हणाली, "चहानी साखर वाचनी."

मग फवारणीचं प्रकरण झालं. फुईनं इतक्या जणांच्या मागं लकडा लावला की शेवटी आरोग्य खात्याची एक जीप आली. तिनं मुख्य रस्त्यावरच्या पक्क्या घरांच्या पुढच्या भिंती भिजवल्या, एक फोटो काढला आणि परत फिरली. नाल्यापलीकडं मजुरांची वस्ती आहे, कुडामातीची घरं, दाराशी शेळ्या, अंगणात कुत्री आणि पोरं एकाच घोंगडीवर. तिकडं का नाही गेलात, असं विचारल्यावर जीपमधले साहेब म्हणाले, "जीप जात नाही." ज्यांच्या भिंतीला भेगा नाहीत त्यांच्या भिंतीला औषध आणि ज्यांना चावते त्यांच्याकडं जीप जात नाही. मला अजून हे आठवलं की जेवण गोड लागत नाही. लोक म्हणतात, आजाराला गरीब-श्रीमंत कळत नाही. साफ खोटं आहे. या माशीला बरोबर कळतं. जमिनीवर कोण झोपतं आणि कुणाच्या उशाशी उकिरडा आहे, हे तिला आपल्या सगळ्या कागदांपेक्षा चांगलं माहीत असतं.

मी नुसता चिडलो. फुई जीपमध्ये जाऊन बसली. साहेबांच्या जागेवर, पुढं. "चाल. मी रस्ता दखाडस." साहेबांनी विनवलं, दरडावलं, वर फोन लावला. फुईनं पदरातून तंबाखू काढली आणि मळायला घेतली. शेवटी साहेब मागं बसले आणि नाल्यातून जीप गेली. अगदी आरामात गेली. वस्तीत फुई फवारणाऱ्याच्या मागं मागं फिरत होती. "खाले मार, खाले! ती माशी तुन्हा सायेबसारखी वर नही बठत." फवारणाऱ्याला हसू आवरेना. साहेब नाल्याकडं बघत उभे होते.

जमुनाचा इलाज बरेच दिवस चालला. व्रणाच्या कडेनं गालातच सुया टोचायच्या. न दुखणाऱ्या जखमेचा इलाज मात्र भयंकर दुखायचा. जमुना डोळे मिटून बसायची आणि फुई नर्सवर ओरडायची, "हळू! गाल शे तो, पोतं नही!" एकदा जमुनानंच डोळे उघडून सांगितलं, "माय, तुम्ही बाहेर बसा. तुमच्या ओरडण्यानं त्यांचा हात हलतो." फुई निमूट बाहेर आली आणि माझ्या शेजारी बाकावर बसली. नाक लाल झालेलं. मी पाणी दिलं तर म्हणाली, "इतलं थंडं कोनी आनं?" आणि सगळं प्याली.

व्रण भरला. जागेवर एक खोलगट, फिकट डाग राहिला, तो आता जन्माचा. मुलाच्या घरी बोलणी करायला आम्ही वर गेलो. गाडी जिथं थांबते तिथून पुढं चढण. फुई धापा टाकत, डोंगराला नावं ठेवत वर पोचली. अंगणात खाटा टाकल्या होत्या. मुलगा दाराशी उभा राहून जमुनाकडंच बघत होता, आणि ते बघणं मला आवडलं. पण त्याचे काका जुने-जाणते. त्यांनी गालाकडं बोट करून काहीतरी विचारलं. फुईनं श्वास घेतला, तोंड उघडलं. जमुनानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि स्वतः बोलायला लागली. पावरीत बोलत होती, मला शब्द कळत नव्हते. आधी हळू, मग आवाज चढत गेला. तिनं त्यांच्या भिंतीच्या पायाकडं बोट केलं, झोपायच्या जागेला लागून असलेल्या शेळ्यांच्या कुडाकडं केलं, जमिनीवर अंथरलेल्या वाकळेकडं केलं. काका उठून भिंतीची भेग बघायला वाकले. फुईनं दित्याला हळूच विचारलं, "काय सांगी ऱ्हायनी रे ती?"

दित्या म्हणाला, "माय, तुन्हंच बोलनं बोली ऱ्हायनी."

लग्न पुढच्या होळीनंतर झालं. नव्या घराच्या भिंती आधी लिंपून घेतल्या, शेळ्या लांब बांधल्या, आणि हे सासरच्यांनी मनापासून केलं की जमुनाच्या धाकानं, ते मी विचारलं नाही.

पण मला आठवतं ते त्या बोलणीच्या दिवशीचं उतरणं. घाटाच्या एका वळणावर फुईनं गाडी थांबवायला लावली. म्हटलं, मळमळत असेल. ती उतरून कडेच्या दगडावर बसली. खाली सगळं सपाट हिरवं, ऊस, केळी, आणि अगदी टोकाला तापीची रेघ. तिकडं बघत म्हणाली, "मन्हा खळानी भीत व्हती ती, भाऊ."

मी म्हणालो, "फुई, डॉक्टरीण म्हणाली ना, तिकडंही चावली असेल."

"डॉक्टरीण चांगली बाई शे," फुई म्हणाली. "तिनी मन्हं मन राखं."

मला वाटलं, आता ती उसळेल. डोंगरावर, रस्त्यावर, माझ्या गाडी चालवण्यावर, कशावर तरी. मी तिच्या शेजारी उभा राहून वाट बघितली. पण तिनं उठायला माझ्यापुढं हात केला. तिनं हात मागितला, हे पहिल्यांदाच. हात हलका होता, वाळलेल्या पानासारखा. मी तो धरला आणि गाडीत बसेपर्यंत सोडला नाही.